डाव्या अंगाची खाच

हिंमतरावांचं बोट आकृतीवर येऊन थांबलं होतं, आणि त्यांनी एक प्रश्न विचारला होता. मी आलो तेव्हाच त्यांनी लेथ मशीन बंद केलं होतं. फिरता फिरता मंद होत ते थांबलं, आणि नंतर ऐकू येण्यासारखं उरलं ते तापलेल्या पत्र्याचं मधूनच तडकणं, आणि पलीकडे मलकापूर स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांना भिडल्याचा, जमिनीतून तळव्यांत चढणारा धक्का. समोर तेलाने काळ्या पडलेल्या बाकावर माझे कागद पसरले होते. वर प्रतिज्ञापत्र, खाली जोडलेली आकृती क्रमांक तीन. जिनिंगमधून उडत आलेला कापसाचा एक पुंजका कागदाच्या कोपऱ्याला चिकटला होता. तो काढावा असं वाटत होतं, पण हात पुढे होत नव्हता, कारण त्यासाठी त्या बोटाच्या जवळून जावं लागलं असतं. “हे डाव्या अंगाले काऊन काढलं तुमी?” एवढंच त्यांनी विचारलं होतं. ते माझे सासरे. आठ वर्षांत त्यांनी मला एकाही गोष्टीचं कारण विचारलेलं नव्हतं.

आकृतीत एका पोलादी नळीच्या अंगावर कोरलेली तिरकी खाच होती. खालून वर जाताना ती डावीकडे झुकत होती. “दोराचा पीळ उजवा असतो, मामाजी,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मला पुण्याच्या कुठल्याशा सभागृहातून आल्यासारखा वाटला. “भार पडला की दोर उलगडायला बघतो. खाच त्याच्या विरुद्ध दिशेला असली की...” वाक्य तिथेच सुटलं. हेच वाक्य पाच वर्षांपूर्वी मी लेखी पाठवलं होतं. पेटंटचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही हीच शंका आली होती: उजवी खाच नेहमीची, सोपी, मग डावीच का? तेव्हा मी दोन दिवस बसून कारण रचलं होतं, त्याला आलेख जोडले होते, आणि ते मान्य झालं होतं. त्या दोन दिवसांत एकदाही मला खरं कारण आठवलं नाही असं मी म्हणू शकत नाही. ते आठवत होतं. एखाद्या घरात मागच्या खोलीत कोणी आजारी माणूस झोपलेला असावा आणि पुढच्या खोलीत पाहुण्यांशी आपण हलक्या आवाजात बोलत राहावं, तसं ते आठवत होतं.

हिंमतराव हसले नाहीत. बोट खाचेवरून हळूच वर नेत ते म्हणाले, “पिळाचा अन् याचा काई संबंध नाई, जवाईबापू. मी डावरा हाओ. हातानं कानस मारली तं खाच तिकडंच जाते.” मग जणू माझ्या चुकीचा मला त्रास होऊ नये म्हणून त्यांनी पुस्ती जोडली, “चालते मात्र दोन्हीकडून सारखीच.”

तो दिवस बुधवार होता, आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, इथे एक माणूस पुरावा गोळा करायला येणार होता. तेलविहिरींची अवजारं बनवणाऱ्या ज्या कंपनीत मी काम करतो तिच्या प्रतिस्पर्ध्यांनी आमच्या पेटंटला हरकत घेतली होती. त्यांचं म्हणणं असं की हे साधन नवं नाही; वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी ते आमच्या अर्जाच्या कितीतरी आधीपासून उघडपणे वापरात आहे. त्या गावचं नाव मी कागदावर दोनदा वाचलं. कंपनीच्या कायदा विभागातल्या पूनम मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “मलकापूर म्हणजे तुमची सासुरवाडी ना?” मी हो म्हणालो. त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही. न विचारण्याचं शिक्षण त्यांनी घेतलेलं होतं. दोन दिवसांत त्यांनी प्रतिज्ञापत्र तयार केलं, मराठीत, सोप्या भाषेत, पाच कलमांचं, आणि ते माझ्या हातात देताना म्हणाल्या, “त्यांचा माणूस पोहोचायच्या आत हे व्हायला हवं. आणि अर्जावर खरा व प्रथम शोधक म्हणून सही तुमची आहे, हे लक्षात ठेवा. उद्या काही निघालं तर कंपनी म्हणेल, आम्हालाही यांनीच फसवलं.” खरा व प्रथम. कायद्याचे शब्द. सही करताना मी ते वाचले होते, आणि मला आठवतं, ‘प्रथम’पेक्षा ‘खरा’ या शब्दापाशी पेन जरा जड झालं होतं.

त्या साधनाला मलकापुरात खेकडा म्हणतात. आमच्या अर्जात त्याचं नाव अकरा शब्दांचं आहे. बोअरमधली पाण्याची मोटर दोर तुटून खाली पडली, पाइप निसटला, की शेतकरी हिंमतरावांना बोलावतात. खोल, अंधाऱ्या, वीतभर रुंदीच्या त्या छिद्रात ते खेकडा सोडतात. तोंडाशी उघडी अशी पोलादी नळी, आत तीन जबडे. हरवलेल्या वस्तूवर नळी बसली आणि दोर ओढला की जबडे आवळतात. असे पंजे पुष्कळांकडे असतात. पण वस्तू खाली गाळात रुतलेली असेल आणि वर येतच नसेल, तर पंजाही तिच्याबरोबर कायमचा अडकून पडतो; वरून फिरवून सोडवावा म्हटलं तर दोराला पीळ देऊन काही फिरत नाही. हिंमतरावांच्या खेकड्याला खाच होती. दोर ढिला सोडून तो दोनदा आपटला की आतली खुंटी त्या तिरक्या खाचेतून सरकते, नळी आपोआप पाव घेरा वळते, आणि जबडे उघडतात. टकटक, आणि सुटका. पुन्हा दोनदा आपटला की पुन्हा धरायला तयार. “पकडते तं कोनाचाबी पंजा,” ते म्हणाले होते, “पन अटकलं तं सोडन कोन?” आणि खिशातलं बटणाचं पेन काढून त्यांनी ते टकटक वाजवून दाखवलं होतं. माझ्या बायकोच्या, प्रतीक्षाच्या, शाळेच्या वह्यांवर सह्या करताना त्यांना ते सुचलं होतं.

हे त्यांनी मला सांगितलं तो धोंड्याचा महिना होता, लग्नानंतरचा पहिला. अधिक ज्येष्ठातलं ऊन अंगणात भांड्यासारखं वाजत होतं. मला पाटावर बसवलं, समोर ताटात तेहतीस अनारसे, तांब्याचा दिवा, धोतरजोडी, आणि या सगळ्याच्या शेजारी नव्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड. सासूबाईंनी, अन्नपूर्णाबाईंनी, ते उघडताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “जवायाले लोखंड देता का हो? लोकं अंगठी देतात.” हिंमतराव म्हणाले, “अंगठी कोनीबी देते. हे शिकलेले हाईत. यायले याचं समजन.” मी खेकडा हातात घेतला. थंडगार, ग्रीसच्या वासाचा, अनपेक्षितपणे सुंदर. घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती, आणि मला काहीतरी बोलायचं होतं, म्हणून मी म्हणालो, “इंटरेस्टिंग आहे.” पुढे कित्येक रात्री, झोप लागत नसे तेव्हा, मी याच ताटावर माझा सगळा बचाव रचला. त्यांनी तो मला दिला होता. धोंड्यात दिलेलं जावयाचं होतं. त्याबद्दल कोणी हिशेब मागत नाही. वस्तू दिली, म्हणजे तिच्या आतली युक्तीही दिली. आणि युक्ती दिली, म्हणजे... इथे येऊन ही पायरी नेहमीच तुटते. ‘मी दिलं’ असं माणूस म्हणू शकतो. ‘मी आधी होतो’ हे कोणी कोणाला देऊ शकतं का?

त्याच मुक्कामात ते मला सोनाळ्याला घेऊन गेले. रामराव नावाच्या बागायतदाराची मोटर चारशे फुटांवर पडली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी त्या दिवशी वाराच नव्हता. हिंमतरावांनी चप्पल काढली, बोअरच्या तोंडाशी गुडघे टेकले, केसिंगच्या पाइपला कान लावला आणि दोर डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला. जिवंत नाडी धरतात तसा. “या, जवाईबापू. हात ठेवा.” मी ठेवला. खालून, चारशे फूट काळोखातून, इतकी बारीक थरथर येत होती की ती दोरात आहे की माझ्याच रक्तात, हे कळत नव्हतं. “आता गाळ लागला,” ते म्हणत, “आता पाइपाचं तोंड. आता बसला पाहा.” मला काहीच वेगळं कळत नव्हतं. मग ते म्हणाले, “नाई, तिरपा बसला. सोडू,” आणि दोर ढिला करून त्यांनी हात दोनदा झटकला. ते मात्र मला कळलं. टक. टक. आणि त्यानंतर काहीतरी उघडल्याची, खोल पाण्याखाली कोणी मूठ सोडावी तशी जाणीव, थेट तळहातात. रामराव म्हणाले, “पाव्हणे घाबरले वाटते.” मी घाबरलो नव्हतो. मला हेवा वाटला होता. इतकी वर्षं शिकून मी पडद्यावरचे आकडे वाचायला शिकलो होतो, आणि इथे एक सातवी शिकलेला माणूस अंधाराला स्पर्शाने ओळखत होता.

नंतरच्या हिवाळ्यात राजस्थानातल्या एका तेलविहिरीत आमचं मोजमापाचं साधन दोन हजार मीटरवर अडकलं. ते काढायला सोडलेला पंजाही अडकला. तीन दिवस वाळवंटातल्या त्या लोखंडी खोलीत आम्ही सहा इंजिनिअर पडद्याकडे बघत बसलो होतो, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मेसच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर मी एक नळी काढली, आणि तिच्या अंगावर एक खाच. साहेबांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. “कुठून आलं हे डोक्यात?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “सुचलं.” मी सगळ्यांत अधिक विचार कुठल्या शब्दाचा केला असेल तर तो याच. सुचणं ही क्रिया आपल्या भाषेत कोणी करत नाही. मी केलं, मी चोरलं, मी घेतलं असं म्हणता येतं; पण ‘मी सुचलं’ म्हणता येत नाही. मला सुचलं. कुठूनतरी आलं, आणि माझ्यापाशी थांबलं. व्याकरणानेच मला तिथे दार उघडून दिलं, आणि मी आत जाऊन दार लावून घेतलं. पुढे पुण्याला मी तो धोंड्यातला खेकडा कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेला, अचूक मापं हवीत म्हणून तो उभा चिरायला सांगितला, आणि करवत पोलादात शिरताना जो आवाज झाला तो ऐकायला नको म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो. मापं सगळी घेतली गेली. कोन, रुंदी, खोली. आणि डावा कल. तो बदलण्याचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. प्रमाणपत्र आलं तेव्हा प्रतीक्षाने ते स्वतः चौकट करून आणलं, बैठकीत लावलं, आणि एक दिवस त्याखाली ठेवलेली आकृती बघून म्हणाली, “हे तर बाबांच्या खेकड्यासारखं दिसतंय.” मी म्हणालो, “सगळी यंत्रं एकमेकांसारखीच दिसतात.” त्यानंतर त्या भिंतीकडे पाहताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. झाडताना ती चौकटीवरची धूळ पुसते, पण नजर बाजूला ठेवून.

“दावा कोनावर हाय हा?” हिंमतरावांनी विचारलं. ते आता खाली जोडलेल्या पेटंटच्या प्रतीवर होते. ‘दावा क्र. १’ या शब्दांखाली त्यांचं नख टेकलेलं होतं. “एक ना दोन, बारा दावे दिसतात.”

“कोर्टातला दावा नाही तो, मामाजी. पेटंटमध्ये दावा म्हणजे... एवढं एवढं माझं आहे, असं सांगणं.”

“मंग कोनावर तरी हायच ना,” ते म्हणाले.

अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आल्या. घर आणि वर्कशॉप यांच्यामध्ये एक दार आहे, ते त्या पायाने उघडतात. “एका दिवसाकरता येनं झालं, बाप्पा. पोरीले काऊन नाई आनलं? का तिले सांगलंच नाई?” मी म्हणालो, ऑफिसचं काम आहे, घाईचं. “तुमच्या मामाजीकडं ऑफिसचं काम?” त्या हसल्या. “यायच्या ऑफिसात तं ग्रीस लागते हातांले. सदरा जपा.” हिंमतराव म्हणाले, “जा तू आत. आमचं चालू हाय.” त्या गेल्या, पण दार त्यांनी पूर्ण लावलं नाही, त्या फटीतून स्वयंपाकघरातला फोडणीचा वास येत राहिला. मला बोलायचं होतं. गाडीत मी ते शंभरदा बोललो होतो. मामाजी, मी चोरी केली. उद्या तो माणूस आला की खरं ते सांगा. माझं जे व्हायचं ते होऊ द्या. हे वाक्य भुसावळपर्यंत शाबूत होतं. मलकापूरच्या फलाटावर उतरताना ते माझ्या हातात नव्हतं, आणि बॅगेत कागद होते.

“म्हणजे,” मी म्हणालो, “हा फक्त कागद आहे. तुमचं काही जाणार नाही यात. उद्या कोणी विचारलं तर हा दाखवायचा. नाहीतर माझी नोकरी... नोकरीच नाही, मामाजी. खोटी सही केली म्हणून माझ्यावर खटला होईल. घराचं, छकुलीच्या शाळेचं, सगळंच...” नातीचं नाव मी काढलं. ते काढेन असं मला वाटलं नव्हतं. ते काढल्याबरोबर मला माझ्या तोंडाची चव लोखंडासारखी लागली.

त्यांनी चष्मा पुसला आणि चौथं कलम मोठ्याने वाचलं, एकेक शब्द सुटा करत, शाळेत धडा वाचावा तसं. “माझ्याकडील साधनास अशी तिरकी खाच नव्हती व नाही.” मान वर करून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे खुंटीला खेकडा टांगलेला होता, मला दिला त्याच्यानंतर त्यांनी स्वतःसाठी केलेला. दाराच्या उजेडात त्याची खाच चंद्रकोरीएवढी स्पष्ट दिसत होती. “नव्हती,” ते म्हणाले. मग, “व नाही.” मला वाटलं आता ते उठतील. आता ते माझ्या अंगावर येतील, किंवा निदान आत हाक मारून सासूबाईंना सांगतील की पाहा, तुझ्या जावयाने काय आणलं आहे. मी त्याची वाट पाहत होतो. तेव्हाच मला कळलं की गेल्या तीन दिवसांत मी हीच एक गोष्ट मनाशी धरून बसलो होतो: ते नाही म्हणतील. ते नाही म्हणतील, आणि मी सुटेन. पण या घरात जावयाला नाही म्हणत नाहीत. माझ्या लग्नात मांडवात मी पाणी मागितलं तेव्हा चार माणसं धावली होती. आणि मला तहान लागलेली नव्हती, मी केवळ बघत होतो की मागितलं तर काय होतं.

“पेन हाय का?” त्यांनी विचारलं.

मी दिलं. त्यांनी ते डाव्या हातात घेतलं. प्रत्येक पानाखाली त्यांनी सावकाश सही केली, हिंमतराव हे नाव पूर्ण लिहून, वेलांटी आणि अनुस्वार जागच्या जागी, आणि डाव्या हाताने लिहिताना तळवा ओल्या शाईवरून पुढे सरकत गेल्यामुळे प्रत्येक सहीवर एक निळसर फराटा उमटला. पाचव्या कलमाशी ते थांबले. ते त्यांनी मनात वाचलं. ते कलम मला पाठ होतं: सदर साधन बनवण्याचा व वापरण्याचा हक्क फक्त सदर कंपनीचा आहे हे मला मान्य असून तिच्या परवानगीशिवाय मी ते बनवणार अथवा वापरणार नाही. पूनम मॅडमनी ते शेवटी घातलं होतं, पक्कं होण्यासाठी. मी त्यांना ते काढायला सांगितलं नव्हतं. हिंमतरावांनी त्याखालीही सही केली, आणि कागद माझ्याकडे सरकवताना इतकंच म्हणाले, “पोरीचं घर हाय ते.”

मला वाटलं होतं, सही झाली की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काहीच झालं नाही. जबडे आवळले आहेत आणि आत काय धरलं आहे ते वरून कळत नाही, अशी ती अवस्था होती. मी कागद वाळण्याची वाट पाहत होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, “उन्हाळा लवकर आला यंदा.” ते म्हणाले, “हाव.” बाहेरच्या रस्त्यावरून सरकीचा ट्रॅक्टर गेला, आणि पत्र्याच्या भिंती काही क्षण कापत राहिल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हाताला लागलेली शाई त्यांनी चिंधीला पुसली आणि तो कानाला लावला. “बोला, कारभारी... हाव... कवा पडली?... पाइपासंगं का नुसतीच?... किती फुटावर म्हनता?” त्यांचा चेहरा बदलत गेला. वाकलेली पाठ सरळ झाली. डोळे कुठेतरी खोल, दिसत नसलेल्या जागी जाऊन टेकले. मोकळा हात आपोआप खुंटीकडे गेला आणि त्यांनी खेकडा उतरवून बाकावर ठेवला. मग तो हात तसाच त्या पोलादावर थबकला. “थांबा जरा,” ते फोनमध्ये म्हणाले. “ठेवू नका. विचारून सांगतो.”

त्यांनी फोन छातीशी धरला, तळव्याने झाकून, आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. नव्या साहेबाला कामाची पद्धत विचारावी इतक्या साध्या, इतक्या अदबीच्या स्वरात ते म्हणाले, “जवाईबापू, मोताळ्याकडचे कारभारी हाईत. मोटर पडली त्यायची, साडेतीनशे फुटावर. पिकाले पानी नाई चार दिवसांपासून, खेकडा घेऊन या म्हनतात.” मग कागदांकडे मानेनेच खूण करत, “आता लिवून देल्लं मी. तं हा मले नेता येते का? का पह्यले तुमची परवानगी लागन?”

त्यांच्या तळव्याखालून कारभारींचा बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. दाराच्या फटीत सासूबाईंचं लुगडं दिसलं आणि तिथेच थांबलं. मी कागद गोळा केले, एकावर एक सारखे केले, बॅगेत घातले, चेन शेवटपर्यंत ओढली, आणि उंबऱ्याबाहेरच्या उन्हात उतरून स्टेशनच्या दिशेने चालू लागलो.